उणिवेची हाक

मुळाचे दुर्दैव असे की ते पाहायचे तर उपटावे लागते, आणि उपटताक्षणी हाती येतो तो मातीपासून तुटलेला, केशमुळे हरवून बसलेला एक सांगाडा. पान, फूल, फळ यांना आपण त्यांच्या जागी, त्यांच्या ऋतूत, त्यांच्या प्रकाशात पाहू शकतो. मुळाला त्याच्या घरी जाऊन भेटण्याची सोय नाही. म्हणूनच की काय, काव्याने फुलांवर जितकी शाई खर्च केली तिच्या शतांशही मुळांच्या वाट्याला आली नाही, आणि तत्त्वज्ञानाने मुळाकडे पाहिले तेव्हा त्यानेही ते आधी उलटे करून आकाशात नेले. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ मुळे वर आणि फांद्या खाली करून उभा आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्या उलट्या वृक्षाचे केलेले वर्णन इतके ऐसपैस की ते वाचताना जमिनीतल्या साध्या मुळाचा काही काळ विसरच पडावा. मला अलीकडे त्या साध्या मुळाचेच कुतूहल वाटू लागले आहे. ते नेमके कुठे संपते, एवढाच माझा प्रश्न आहे; आणि ज्या गोष्टीचा शेवट सांगता येत नाही तिचा आरंभ तरी आपण कोणत्या भरवशावर सांगतो, ही त्या प्रश्नामागची अस्वस्थता.

वरवर पाहता प्रश्न पोरकट आहे. मूळ टोकाशी संपते. टोकावर पेशींची एक टोपी असते, मातीशी घासून तिच्या पेशी झडत राहतात, आतून नव्या येत राहतात, आणि अशा झिजण्यातूनच मूळ पुढे सरकते. पण झडलेले काही वाया जात नाही. त्या पेशींबरोबर शर्करा, आम्ले आणि एक चिकट स्राव मुळातून सतत पाझरत असतो. पानांनी उन्हात कमावलेल्या धनाचा मोठा वाटा असा काळोखात ओतला जातो, आणि त्यावर मुळाभोवतीच्या मिलिमीटरभर मातीत जिवाणूंची इतकी दाट वस्ती उभी राहते की थोड्या अंतरावरची माती तिच्यापुढे ओसाड भासावी. लोरेन्ट्स हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली या पट्ट्याला स्वतंत्र प्रदेश मानले, आणि मुळाचा अभ्यास मुळाबाहेरून सुरू करावा लागतो हे कृषिविज्ञानाच्या ध्यानात येऊ लागले. या वस्तीतले काही जिवाणू ऑक्झिन बनवतात. हे खरे तर वनस्पतीचेच संप्रेरक. पण अ‍ॅझोस्पिरिलमसारखा जिवाणू ते घडवून मुळाच्या स्वाधीन करतो, आणि त्याच्या सान्निध्यात मुळाला अधिक उपमुळे, अधिक केशमुळे फुटतात. युरोपातल्या महायुद्धोत्तर उलथापालथीत विस्थापित होऊन ब्राझीलला पोचलेल्या योहाना डोबेराइनर यांनी आपले आयुष्य गवताच्या आणि उसाच्या मुळांशी राहणाऱ्या अशा जिवाणूंना वाहिले. स्वतः परक्या भूमीत रुजलेल्या या बाईंना मुळांच्या शेजाऱ्यांविषयी इतकी आस्था वाटावी यात मला काही नवल वाटत नाही. एखाद्या मुळाची आकृती पाहून तिचा कर्ता कोण असे कोणी विचारले, तर एका नावाने उत्तर देता येत नाही; आणि आपल्या स्वभावाची कोणी इतक्या बारकाईने तपासणी केली, तर तिथेही आपल्या अक्षरात किती जणांचे वळण मिसळलेले निघेल, कोण जाणे.

एका कृषी महाविद्यालयातल्या स्नेह्यांनी मला कांद्याचे मूळ सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते. मूळ अल्कलीत शिजवले की त्याचे अंतरंग नितळ होते, आणि मग निळ्या रंगात बुडवले की वनस्पतीचे वनस्पतीपण मागे सरते व तिच्या आत राहणारी बुरशी तेवढी रंगून वर येते. पेशींच्या रांगांमधून निळे तंतू लांबवर धावत होते आणि मध्येच एखाद्या पेशीत शिरून तिथे फुटत होते: एक खोड, त्याच्या दोन फांद्या, त्या प्रत्येकीच्या आणखी दोन, पुढे नजरेला पेलणार नाही इतकी बारीक शाखाटी. झाडाच्या मुळात, पेशीएवढ्या अवकाशात, बुरशीचे एक झाड उभे होते. गीतेच्या अश्वत्थाची आठवण होणे अपरिहार्य होते, पण मला अधिक हलवून गेली ती स्नेह्यांनी पुढे सांगितलेली गोष्ट. ही बुरशी पेशीची भिंत ओलांडते, परंतु तिच्या आतले पटल कधीच भेदत नाही. उलट पेशीच आपले पटल वाढवत नेऊन त्या सूक्ष्म झाडाच्या प्रत्येक डहाळीभोवती लपेटते. अगदी आत येऊनही बुरशी बाहेरच राहते, आणि जी काही देवाणघेवाण होते ती या दोघांतल्या अतिसूक्ष्म अंतरातून. मोक्षापेक्षा भक्तीचे द्वैत मोठे मानणाऱ्या वारकरी परंपरेत वाढलेल्या मनाला हे अंतर ओळखीचे वाटते. पूर्ण विलय झाला तर देणारा आणि घेणारा दोघेही नाहीसे होतील, आणि मग प्रेम करायला उरणार कोण?

या भेटीच्या आधीचा क्षण तर आणखी विलक्षण आहे. इटली आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी २००५ साली दाखवले की बुरशीचा तंतू मुळाच्या पृष्ठभागाला नुसता टेकतो, तेवढ्यातच खालच्या पेशीत हालचाल सुरू होते: पेशीचे केंद्रक जागचे उठते, पेशी ओलांडून चालू लागते, आणि त्याच्या मार्गावर जीवद्रव्याची एक वाट तयार होते, ती पूर्ण झाल्यावरच तंतू आत शिरतो आणि नेमका त्याच वाटेने जातो. आक्रमण आणि आगमन यांतला भेद पेशीच्या पातळीवर असा रचनेतच कोरलेला आहे. आणि इतक्या सिद्धतेने वसवलेले ते निळे झाड जगते किती, तर मोजके दिवस. मग ते कोमेजते, पेशी त्याला पचवून टाकते, आणि पुन्हा दुसऱ्यासाठी सज्ज होते. टिकाऊपणालाच आपण नात्याची कसोटी मानत आलो. इथे मात्र क्षणजीवी भेटींची अखंड मालिका हेच नात्याचे सातत्य आहे.

हे सातत्य किती जुने आहे याचा विचार करू लागले की मनाची नेहमीची मापे तोकडी पडतात. स्कॉटलंडमध्ये राइनी नावाचे एक खेडे आहे. १९१२ साली विल्यम मॅकी या वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या गृहस्थांना तिथल्या दगडांत प्राचीन वनस्पतींचे अवशेष दिसले. उष्ण झऱ्यांतल्या सिलिकाने सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी एक आख्खी पाणथळ वस्ती पेशीन् पेशी जपून ठेवली होती. त्या दगडांचे पातळ काप काढून पाहताना वनस्पतींच्या देहात बुरशीचे तंतू आढळले, आणि १९९४ साली त्यांच्या पेशींत तीच शाखाटी, तेच सूक्ष्म झाड स्पष्टपणे ओळखले गेले. मला थांबवते ते याहून पुढचे एक सत्य: त्या वनस्पतींना मुळेच नव्हती. जमिनीवर सरपटणारे खोड आणि त्याला फुटलेले काही केसाळ धागे, एवढाच त्यांचा पसारा. म्हणजे वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या तेव्हा हा सोबती त्यांच्याबरोबर होता आणि मूळ अजून व्हायचे होते. कुळाचा, भाषेचा, धर्माचा शोध घेताना आपण मुळापाशी जायचे म्हणतो आणि तिथे पोचलो की थांबतो. या दगडांपुढे उभे राहिले की कळते, मूळसुद्धा मागाहून आले; त्याच्या आधी सोबत होती.

माणसाला ही सोबत उमगली ती जवळजवळ अपघाताने, आणि तीही जिभेच्या लोभापायी. ट्रफल नावाची अतिशय महाग, जमिनीखाली वाढणारी भूछत्रे लागवडीखाली आणता येतील का, हे शोधण्याचे काम प्रशियाच्या सरकारने आल्बर्ट फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपवले होते. ट्रफलची शेती त्याला काही साधली नाही. पण झाडांची कोवळी मुळे खणून पाहताना त्याला दिसले की निरोगी, भरभरून वाढलेल्या झाडांच्या मुळांवरही बुरशीचे आवरण आहे, आणि १८८५ साली त्याने मांडले की ही बुरशी झाडाला मारत नसून त्याची दाई होऊन त्याला पोसते. बुरशी म्हणजे रोग, हे समीकरण ज्या काळात सर्वमान्य होते त्या काळात हे विधान पाखंड ठरणे स्वाभाविक होते. पुढे १८९९ साली फ्रान्समध्ये नोएल बेर्नार या तरुणाला, लष्करी सेवेत असताना, रानातल्या पालापाचोळ्याखाली एका आमरीची नुकती रुजलेली बीजे सापडली, आणि प्रत्येक बीजात बुरशी होती. आमरीचे बी धुळीच्या कणाएवढे. आईने बरोबर शिदोरी म्हणून काहीच दिलेले नसते, बुरशी भेटली तर ते रुजते, नाही भेटली तर त्याचे बीपण तिथेच संपते. सह्याद्रीत आंब्या-जांभळांच्या फांद्यांवर जेव्हा सीतेची वेणी झुलताना दिसते तेव्हा त्या गुलाबी तुऱ्यामागे अशी एक अनिश्चित, न टाळता येणारी भेट कधीतरी घडून गेलेली असते. बेर्नार छत्तिसाव्या वर्षी गेला. ज्याने जगाला सांगितले की काही जीव एकट्याने सुरूच होऊ शकत नाहीत, त्याचे स्वतःचे आयुष्य इतके थोडक्यात आटोपावे, या विसंगतीपाशी माझे मन रेंगाळते आणि तिला काही अर्थ देण्याचा मोह आवरून परत फिरते.

भेट घडते कशी, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिलेला नाही, आणि त्याच्या उत्तरात एक शोकांतिकेचा धागा आहे. ज्वारीच्या शेतकऱ्याला टारफुला ठाऊक असतो. दिसायला नाजूक फुलांचे हे तण ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचा जीवनरस ओढते. त्याचे धूलिकणांसारखे बी वर्षानुवर्षे मातीत निजलेले असते आणि जवळून एखादे मूळ गेले की जागे होते. त्याला जागवणारे द्रव्य १९६६ साली शोधले गेले, तेव्हा एक कोडे उभे राहिले: आपल्याच मारेकऱ्याला उठवणारे द्रव्य वनस्पती जमिनीत सोडते कशासाठी? जवळपास चार दशके हे कोडे तसेच होते. २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवले की ते द्रव्य टारफुल्यासाठी नव्हतेच. ती बुरशीला घातलेली साद होती. ती ऐकून बुरशीचे तंतू उत्साहाने फांद्या फोडू लागतात आणि मुळाकडे वळतात. टारफुल्याने ही साद फक्त चोरून ऐकली होती. आणि ही साद केव्हा सर्वांत मोठी होते? रोपाला स्फुरद कमी पडू लागतो तेव्हा. स्फुरद हा मातीतला मोठा आळशी घटक, आपल्या काळ्या जमिनीत तर चुनखडीशी जखडून बसलेला. मूळ आपल्या अवतीभोवतीचा स्फुरद लवकरच संपवते, आणि त्यापलीकडच्या मातीत पोचायला बुरशीच्या केसाहून बारीक तंतूंखेरीज त्याला दुसरा हात नसतो. म्हणून ते हाक मारते. हाक मारणे म्हणजे आपले उणेपण उघडे करणे, आणि ते मित्रापुढे उघडे केले की शत्रूलाही दिसतेच. ज्याला या जोखमीचे भय वाटते त्याने गप्प राहावे, पण मग त्याच्या दारी कोणीच येणार नाही.

आणि गप्प राहण्याची सोय माणसाने करून दिली आहे. १८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन लॉज यांनी सुपर फॉस्फेटचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी हवेतला नत्र प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत बांधून अमोनिया बनवण्याची विद्या साधली, तीच किमया जी हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठीत राहणारे जिवाणू साध्या मातीच्या उबेत करत आले होते. या विद्येने कोट्यवधी माणसांच्या पोटात घास घातला, आणि भरल्या पोटी तिची निंदा करणे मला शोभणार नाही. पण मुळाच्या बाजूने पाहिले तर काय घडले? पायाशी भरपूर स्फुरद आला की रोप हाक मारणे कमी करते, बुरशीला आत घेईनासे होते. युरिया भरपूर मिळाला की सोयाबीनच्या मुळावर गाठी धरत नाहीत. रोप हिशेबी असते. सोबत्याला पोसायला त्याला आपल्या साखरेतला वाटा द्यावा लागतो. सगळे आयते मिळत असताना हा वाटा त्याने का द्यावा? काही कुळांनी तर हा संसार केव्हाच मोडला. मोहरी, कोबी, मुळा ही मंडळी या बुरशीला थारा देत नाहीत, पालक-राजगिऱ्याच्या कुळातही तिची सोबत सहसा नसते, आणि तरी ती सगळी सुखाने जगतात. त्यामुळे एकटे राहणे अनैसर्गिक आहे असेही निसर्गाच्या साक्षीने म्हणता येत नाही. म्हणता येते ते एवढेच की समृद्धीला तिची एक किंमत असते आणि ती बहुधा नात्यांच्या खात्यातून वसूल होते. ज्या आळीत घराघरांत सर्व काही असते त्या आळीत कोणी कोणाचे दार वाजवत नाही, हे पाहायला शेतापर्यंत जावे लागत नाही.

या वसुलीची चाहूल ज्यांना लवकर लागली त्यांत आल्बर्ट हॉवर्ड यांचे नाव घ्यावे लागते, आणि ते घेताना आपल्या ओळखीचा परिसर डोळ्यांपुढे येतो. १९०५ मध्ये बिहारातल्या पुसा येथे आलेले हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल, ज्या स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या, १९२४ पासून होळकरांच्या इंदूरमध्ये काम करत होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्र, राख यांपासून खत करण्याची इंदूर पद्धत तिथे आकाराला आली, आणि ती मांडणारा १९३१ चा ग्रंथ हॉवर्ड यांनी यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर लिहिला. पुढे हॉवर्ड यांची अशी धारणा झाली की मातीतला कुजलेला सेंद्रिय अंश आणि जिवंत रोप यांच्यामधला पूल म्हणजे मुळांशी राहणारी बुरशी, आणि १९४० च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी या पुलावर जरा जास्तच भार टाकला. शास्त्र पुढे त्यांच्याइतके निःशंक राहिले नाही. पण शेतात काय घालावे, या प्रश्नाआधी शेतात कोण राहते, हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांनी लावली. हे विचारण्याचे शहाणपण त्यांच्या आधीही विखुरलेले होते. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात मांस, मेद, मज्जा कुजवून केलेले कुणपजल झाडांना घालायला सांगितले आहे. त्याला जिवाणू ठाऊक होते असे म्हणण्याचा अभिमान मी बाळगत नाही, मात्र मरणातून पोषणाकडे जाणारी वाट कुजण्यातून जाते आणि ते कुजणे माणसाला घडवून आणता येते, एवढे त्याने निःसंकोच स्वीकारले होते.

आपल्याकडे जिवामृत करताना शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसनाबरोबर बांधावरची मूठभर माती घालतात. इतक्या पिंपभर द्रवात मूठभर मातीने काय होणार, असे नवख्याला वाटते. पण ती मूठ म्हणजे विरजण आहे. जर्मनीतले शेतकरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या शेतातली माती नव्या शेतात पसरत, म्हणजे तिथल्या द्विदल पिकांना गाठी धराव्यात. पोर्तो रिको बेटावर पाइनची रोपे वर्षानुवर्षे लावली गेली आणि पिवळी पडून खुंटत राहिली. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या पाइनच्या जंगलातली थोडी माती आणून त्यांच्या मुळांशी घातली, तेव्हा ती वाढू लागली. बी समुद्रापार नेले, सोबती मायदेशी राहिला, आणि रोपाला आपले काय हरवले आहे हे सांगायला वाचा नव्हती. देश सोडून गेलेल्या माणसांनी भाषा, सण, देव्हारा एवढा सारा पसारा बरोबर का नेला, याचे समाजशास्त्रीय विवेचन मी पुष्कळ वाचले आहे. पण त्या पाइनच्या पिवळ्या सुयांइतके नेमके उत्तर मला त्यात क्वचितच सापडले.

आज ही मूठ पाकिटात मिळते. हरभरा पेरण्याआधी १० किलो बियाण्याला, मुळांवर गाठी धरवणाऱ्या रायझोबियम जिवाणूंचे २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळायचे, बी गोणपाटावर सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. जिवंत वस्तू हाताळण्याचा हा साधा शिष्टाचार आहे, आणि खताचे पोते रिकामे करण्यात जो अधिकार असतो तो इथे चालत नाही. पाकिटातला जीव उन्हाने मरतो, मुदत उलटली की मरतो, आणि जिवंत पोचला तरी त्या मातीत आधीपासून राहणाऱ्यांनी त्याला जागा दिली पाहिजे. स्थानिकांची वस्ती दाट असेल तर हा पाहुणा काही दिवसांत दिसेनासा होतो. त्यामुळे एकाच्या शेतात जे पाकीट नवल करते तेच शेजारच्या बांधापलीकडे मुके राहते. मर रोग आवरण्यासाठी शेणखतात मुरवून टाकतात त्या ट्रायकोडर्माचा स्वभाव तर आणखी दुहेरी आहे. १९३२ साली वाइंडलिंग यांनी या बुरशीला दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना विळखा घालून त्यांना फस्त करताना पाहिले. हिचीच एक बहीण दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे तंबू कुजवत होती. मुळाशी असली की ट्रायकोडर्मा राखणदार होते आणि मुळांच्या वाढीलाही हात देते. सज्जन आणि दुर्जन ही वर्गवारी मातीखाली उतरत नाही. तिथे विचारायचे ते एवढेच की कोण कोणाच्या शेजारी आहे आणि कशाची वाण आहे.

आपण मात्र वर्गवारीवाचून राहू शकत नाही. १९०२ साली क्रोपोट्किन यांनी परस्परसाहाय्यावर ग्रंथ लिहिला तो सत्तास्पर्धेने शिणलेल्या युगाला उतारा म्हणून. जंगलातली झाडे बुरशीच्या जाळ्यातून कर्ब इकडून तिकडे पोचवतात असे सुझान सिमार्ड यांच्या १९९७ च्या शोधनिबंधाने सुचवले, तेव्हा तंतूंच्या जाळ्यांनी भारावलेल्या आपल्या काळाने त्यात लगेच आपले संगणकजाल पाहिले, आईपण पाहिले, दानधर्म पाहिला. २०११ साली दुसऱ्या काही संशोधकांनी दाखवले की रोप अधिक स्फुरद देणाऱ्या बुरशीला अधिक साखर देते आणि बुरशीही तसाच हिशेब ठेवते, तेव्हा त्याच मुळांत बाजारपेठ दिसू लागली. आणि २०२३ मध्ये याच क्षेत्रातल्या अभ्यासकांनी सांगितले की जंगलाच्या या कथांना प्रत्यक्ष पुराव्याचा आधार लोक मानतात त्याहून पुष्कळ तोकडा आहे. मला यात कोणाचा पराभव दिसत नाही. मूळ काळोखात असल्यामुळे प्रत्येक पिढीला त्यात आपला चेहरा पाहण्याची मुभा मिळते, आणि काळोखाइतका आज्ञाधारक आरसा दुसरा नाही. दान आणि व्यापार हे दोन्ही माणसाचे शब्दप्रयोग आहेत. ४० कोटी वर्षे जे चालले आहे ते त्या दोहोंच्या आधीचे आहे, आणि कदाचित आपली दाने व आपले व्यापार ही त्याचीच दोन अपुरी भाषांतरे असतील.

या सगळ्या वाचनातून माझ्याजवळ उरतो तो शेतीशास्त्राच्या शिफारशीतला एक आकडा. हरभरा हवेतून स्वतःचा नत्र मिळवू शकतो हे ठाऊक असूनही त्याला पेरणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो नत्र द्यावे असे सांगितले जाते. अधिक दिला तर गाठी धरत नाहीत. काहीच दिला नाही तर गाठी धरून कामाला लागेपर्यंतच्या पहिल्या काही आठवड्यांत रोप अशक्त राहण्याचे भय असते. गाठ कापून आत गुलाबी दिसली की समजावे, रोपाचे आता त्याच्या सोबत्याशी जमले, आपण बाजूला झाले तरी चालेल. म्हणजे मुळांची वाढ करण्याची ही सारी विद्या शेवटी देण्याच्या मापाची विद्या आहे: हाक मारण्यापुरते बळ अंगात यावे इतके द्यायचे, आणि हाक मारण्याची गरजच उरू नये इतके द्यायचे नाही. पिकांच्या बाबतीत हे माप आपण किलोत लिहून ठेवू शकलो. मुलांच्या, शिष्यांच्या, मित्रांच्या बाबतीत ते दर वेळी अंदाजाने काढावे लागते, आणि आपण हात मागे घेतला तो कंजूषपणाने की विश्वासाने, हे कळायला तिथे एक हंगाम पुरत नाही.